मागच्या दाराची तार

शोरूममधले सगळे तिला भिंग म्हणत. गाडी गिऱ्हाइकाच्या ताब्यात जाण्याआधी तपासायची, हे तिचं काम. रंगाखाली अडकलेला केस, सीटच्या शिवणीतला सुटलेला टाका, बॉनेटच्या एका बाजूची जरा जास्त फट, तिच्या नजरेतून काही निसटत नसे. आणि विजेवरच्या त्या महागड्या गाड्यांत निसटण्यासारखं पुष्कळ असे. कारखान्याला घाई होती. वरचं कापड काढलं की एका गाडीचा आरसा लटपटायचा, दुसरीचा स्क्रीन काळाठिक्कर पडायचा, तिसरीच्या काचेच्या छतातून पाणी ठिबकायचं.

तिच्या थोरल्या बहिणीचा नवरा दातांचा डॉक्टर होता. त्याने यातलीच एक गाडी घेतली, तीही मुद्दाम तिच्याच शोरूममधून. मेहुणी आपल्या गाडीखाली सरपटत जाणार, याची त्याला कोण मजा वाटत होती.

डिलिव्हरीच्या आदल्या दिवशी तिने ती गाडी तपासायला घेतली. गाडी चालते मोठ्या बॅटरीवर, पण दारं, काचा आणि कुलपं चालतात एका छोट्या बॅटरीवर. ती छोटी बॅटरी बसली, तर पुढच्या दारांना आतून हाताने ओढायची दांडी असते. मागच्या दारांना दांडी नसते. तिथे दाराच्या खणात रबराखाली एक तार लपवलेली असते. ती ओढली की दार उघडायला हवं.

तिने डावीकडची तार ओढली. अख्खी तार हातात आली. उजवीकडचीही तीच गत. दुसरं टोक कशालाच जोडलेलं नव्हतं. तिने दोन्ही तारा पुन्हा रबराखाली सारल्या. वर छोटी बॅटरीही कशीबशी तग धरून होती.

तिने तपासणीच्या तक्त्यावर लाल शाईने लिहिलं आणि मॅनेजरपुढे ठेवलं.

"उद्या दुपारी डिलिव्हरी आहे," मॅनेजर म्हणाला. "आणि परवा महिना संपतोय."

"सर, मागे बसलेला माणूस आत अडकेल."

"कधी? ती बॅटरी बसली तर. आणि नेमका कोणी मागे असला तर. आणि पुढे कोणीच नसला तर." त्याने तीन बोटं मोजून दाखवली. मग तक्ता फाडून टोपलीत टाकला आणि कोरा पुढे सरकवला. "पहिल्या सर्व्हिसिंगला येईल तेव्हा गुपचूप जोडून टाकू. कर सही."

तिने सही केली. उद्या ताईला बाजूला घेऊन सांगायचं, असं मनाशी पक्कं केलं.

दुसऱ्या दिवशी ताई, भाऊजी आणि आई असे तिघं आले. आई ताईकडेच राहायची. कमरेच्या ऑपरेशननंतर तिला धड चालता येत नव्हतं, पण नवीन गाडी बघायला ती हौसेने आली होती. विक्रीवाले, दुसरी दोन गिऱ्हाइकं, सगळे भोवती उभे होते. ती ताईजवळ जाणार एवढ्यात भाऊजींनी चाकाकडे बोट दाखवलं.

"हे काय? धूळ?" मग सगळ्यांकडे वळून म्हणाले, "ही आमची मेहुणी बरं का. एवढं इंजिनिअरिंग शिकली आणि शेवटी गाड्या पुसते. पूस गं, पूस. आज घरचीच आहे, लाजू नकोस."

मॅनेजर हसला. ताईने नजर वळवली. मागच्या सीटवर बसलेली आईसुद्धा हसली, जावयाचं मन राखायला म्हणून, पण हसली.

ती वाकली. चाक पुसलं. आणि ताईला काही न सांगता आत निघून गेली.

नंतरचे दहा दिवस ती रोज फोन हातात घ्यायची आणि ठेवून द्यायची. आज सांगू, उद्या सांगू. खरं म्हणजे तिच्या डोळ्यांसमोर एक चित्र घर करून बसलं होतं. दवाखान्यासमोर गाडी बंद पडली आहे, भाऊजी मागच्या सीटवर अडकलेत, काचेवर हात आपटतायत आणि रस्त्यावरचे लोक हसतायत. अर्धा तास, फार नाही. एवढं झालं की मग सांगायचं.

अकराव्या दिवशी भर दुपारी हेल्पलाइनचा एक फोन तिच्याकडे वळवला गेला.

"किल्लीचं कार्ड लावतोय, ॲप दाबतोय, दार उघडत नाही!" भाऊजींचा आवाज होता. "आम्ही वर फ्लॅट बघत होतो. इथे लिफ्ट नाही, म्हणून आईंना एसी लावून मागे बसवून गेलो. आता सगळंच बंद पडलंय, आणि गाडी उन्हात आहे."

तिने विचारलं, "किती वेळ झाला?"

"पाऊण तास."

"आई बोलतेय?"

"ओठ हलतायत. या काचेतून ऐकू काय येणार?" ती काच दोन थरांची होती, बाहेरचा गोंगाट आत येऊ नये म्हणून. आतलाही बाहेर जात नव्हता.

"काच फोडा."

"डोकं ठिकाणावर आहे का? नवी गाडी आहे! तुमचा माणूस पाठव. ए, तू थांब रे!" शेवटचं वाक्य तिथल्या वॉचमनला होतं. तो लोखंडी सळई घेऊन आला होता. मागून ताईचं रडणं ऐकू येत होतं.

"भाऊजी, फोडा म्हणते ना!"

"आतून उघडायची तार असते ना? विकताना सांगितलं होतं. आईंना खुणेने दाखवतो..."

"तार जोडलेलीच नाही!" ती किंचाळली.



"तुला कसं माहीत?" भाऊजींनी विचारलं.

ती उत्तर देण्याआधी सळईचा आवाज आला. वॉचमनने परवानगीची वाट पाहिली नव्हती. दोन थरांची काच सहाव्या घावाला फुटली.

आई तीन दिवस हॉस्पिटलमध्ये होती. शुद्धीवर आलीच नाही. उजव्या हाताची दोन नखं मुळापासून उखडली होती. तिला ती तारेची जागा सापडली होती, आणि तिने तार ओढून बाहेरही काढली होती. तिसऱ्या दिवशी सकाळी ती गेली.

वॉर्डाबाहेर भाऊजींनी सगळ्यांदेखत बोट रोखलं. "हिला माहीत होतं! जन्मदात्रीला मारलं हिने!"

"आणि तुम्ही काच फोडू दिली नाहीत," ती म्हणाली.

ताई दोघांच्या मध्ये उभी होती. तिने आधी नवऱ्याकडे पाहिलं, मग बहिणीकडे. "तू गप्प बसलीस, हे थांबले. माझ्या लेखी दोघं सारखेच. पण मला यांच्याच घरात राहायचंय," ती थकलेल्या आवाजात म्हणाली. "तू पुन्हा येऊ नकोस."

मॅनेजरने तिला केबिनमध्ये बोलावून खुर्ची दिली. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच. तक्त्यावर सगळं ठीक आहे, सही तुझी आहे, तेव्हा आपण दोघांनीही शांत राहावं, असं त्याने समजावलं. पुढच्या महिन्यापासून ती तपासणी विभागाची प्रमुख होईल, असंही म्हणाला.

तिथून उठून ती सरळ अपघाताच्या चौकशी अधिकाऱ्याकडे गेली. फाडलेल्या तक्त्याबद्दल सांगितलं. पुरावा म्हणून हेल्पलाइनचं रेकॉर्डिंग मागवायला लावलं. त्यात तार जोडलेली नसल्याचं ती स्वतःच्या तोंडाने ओरडली होती.

अधिकाऱ्याने सगळं लिहून घेतलं आणि पेन खाली ठेवलं. "तपासणी आणि अपघात यांच्यात बारा दिवस गेले. डिलिव्हरीनंतरचे दहा धरा. त्या दिवसांत एकदाही सांगावंसं वाटलं नाही?"

"रोज वाटलं."

"मग कशाची वाट बघत होतात?"



"त्यांची फजिती व्हायची."

अधिकाऱ्याने तेही लिहून घेतलं, वाचून दाखवलं आणि खाली सही करायला सांगितलं.

कारखान्याने त्या खेपेच्या साठ गाड्या परत बोलावल्या. एकोणीस गाड्यांच्या तारा सुट्या निघाल्या. मॅनेजरची बदली झाली, मोठ्या शोरूमला. भाऊजींना नवी गाडी मिळाली. तिच्यावर खटला उभा राहिला. पहिल्या तारखेला साक्ष द्यायला ताई आली होती, बहिणीच्या विरुद्ध. साक्ष संपवून ती समोरून गेली, तेव्हा हिने हाक मारली. ताई थांबली नाही.