काठावरची ओळ

नंदीशची अडचण तशी साधी होती. शिवानी त्याला आवडायची. तिलाही तो आवडतो, हे त्याला ठाऊक होतं. जात एक, पेठ एक, दोन्ही घरांचं येणंजाणं. अडचण फक्त तोंडाची होती. ते वेळेवर उघडायचंच नाही.

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत तिप्पण्णा मालकांचा टॉवेलचा कारखाना. तिथं तो डिझाइनला होता. टॉवेलच्या काठावर मोर, फुलं, लग्नाची नावं विणतात ना, ती कॉम्प्युटरवर तयार करायची आणि मागाला पाठवायची. शिवानी समोरच्या चादरीच्या कारखान्यात बिलिंगला. दोघं एकाच टपरीवर चहा प्यायची. ती बोलायची, हा कप फुंकत बसायचा. चहा गार झाला तरी फुंकायचा.

आधीचा डिझाइनवाला कामाच्या वेळेत क्रिकेट बघायचा, म्हणून मालकांनी कॉम्प्युटरवरचं होतं नव्हतं ते काढून टाकलेलं. डिझाइनचं सॉफ्टवेअर सोडलं तर उरलं ते टर्मिनल. काळा पडदा, पांढरी अक्षरं, माउसला काम नाही, काय हवं ते टाइप करायचं. याच काळ्या पडद्यातून एआयशी गप्पा मारता येतात, हे नंदीशनं शोधून काढलं. मालक मागनं जाताना भराभर सरकणारी अक्षरं बघायचे आणि आलेल्या पार्टीला दबक्या आवाजात सांगायचे, पोरगं लई अवघड काम करतंय, बोलू नका.

पोरगं तेव्हा लिहीत असायचं की आज तिनं अबोली रंगाचा ड्रेस घातलाय आणि मला डबा जात नाही.

एआय मोठा समजूतदार. पानभर उत्तर द्यायचा. तुमच्या भावना मी समजू शकतो, दीर्घ श्वास घ्या, पाणी प्या, मन मोकळं करा. नंदीश श्वास घ्यायचा, पाणी प्यायचा, मन मोकळं करायचा, आणि टपरीवर जाऊन कप फुंकायचा. सगळं इकडं सांगून झाल्यामुळं तिच्यासाठी काही उरायचंच नाही.

ऑर्डरींसाठी त्यानं दुसरी खिडकी उघडून ठेवलेली असायची. गिऱ्हाइकं मजकूर पाठवतात तो पणजोबांपासून सुरू होतो, आणि काठावर मावते एक ओळ. म्हणून त्या खिडकीतल्या एआयला त्यानं बजावून ठेवलं होतं, काहीही विचारलं तरी उत्तर एका ओळीत. आलेली ओळ आपोआप मागाच्या फाइलीत जाऊन बसायची. या हुशारीबद्दल मालकांनी टॉवेल-टोपी देऊन त्याचा सत्कार केला. दोन्ही खिडक्या काळ्या, दोन्ही शेजारी शेजारी.

एक दिवस शिवानी वडलांना घेऊन कारखान्यात आली. गुरुबसप्पा काकांनी पेढे ठेवले. पोरीचं ठरलं म्हणाले, मंगळवेढ्याचा महेश्वर, पतसंस्थेत आहे, आहेराचे टॉवेल तुमच्याकडनंच. आमच्या सोलापुरात पाहुण्यांच्या हातात टॉवेल-टोपी पडल्याशिवाय लग्न लागलं असं कुणी मानतच नाही. काका मालकांबरोबर रंग बघण्यात गुंतले, तशी ती नंदीशच्या टेबलापाशी आली.

"काठावर काय लिवायचं?" तिनं विचारलं. "तू सांग की, नंदीश."

नंदीशनं नवी फाइल उघडली.

"नावं," तो म्हणाला. "आणि तारीख."

तिनं एक पेढा त्याच्या कीबोर्डशेजारी ठेवला. मग बरं म्हणाली आणि रंग बघायला गेली.

ती दोघं गेल्यावर तो कामाला बसला. डोळे भरलेले, दोन्ही खिडक्यांची एकच झालेली. एकीत त्यानं वधूवरांची नावं टाकली. नवदांपत्याला हार्दिक शुभेच्छा, असं लांबलचक उत्तर सुरू झालं. शुभेच्छा दिसल्यावर पुढचं वाचवेना. दुसरीत त्यानं मन ओतलं. टपरी, शिवानीचा अबोली रंग, तिचं 'तू सांग की, नंदीश', आणि ती नसली तर माझं काय, सगळं. तिथनं एकच ओळ आली.

"नंदीश, हे तू शिवानीला सांगितलंस का?"

आज हासुद्धा तुटक बोलतोय, असं त्याला वाटलं. तो उठून तोंड धुवायला गेला.

ओळ तेवढ्यात मागाच्या फाइलीत जाऊन बसली आणि विणली जाऊ लागली. माग चालवणारे फकीरचाचा, त्यांचं लक्ष धागा तुटतोय का यावर. मजकूर वाचायचा पगार त्यांना कुणी देत नव्हतं. घड्या घालणाऱ्या बायकांनी काठ नेहमीसारखा आत दुमडला. आणि तिप्पण्णा मालक टॉवेल वाचत नाहीत, तोलतात. वजन बरोबर भरलं. गठ्ठे गेले.

लग्नाच्या दिवशी सकाळी फकीरचाचा एका वाया गेलेल्या टॉवेलनं मागाचं तेल पुसत होते. नंदीशनं तो वाचला. चाचांच्या हातनं ओढून घेऊन पुन्हा वाचला. मग बाइक काढून थेट मंगल कार्यालय गाठलं आणि आहेराच्या खोलीत शिरून गठ्ठे ओढायला लागला. काकांनी ते बघितलं आणि चारचौघांत कौतुक केलं, बघा, माल पोचवून वर वाटायलासुद्धा माणूस पाठवलाय, असा कारखाना सोलापुरात दुसरा न्हाय.

तेवढ्यात नवरीनं बोलावलंय म्हणून निरोप आला.

शिवानी नवरीच्या खोलीत एकटी होती. शालू, मुंडावळ्या, आणि मांडीवर एक टॉवेल. घाम पुसायला मावशीनं गठ्ठ्यातला काढून दिला होता. काठ उघडा होता.

"हे कुणी लिवलं?"

नंदीशनं सांगितलं. कॉम्प्युटरनं.

"म्हंजे त्याला सांगितलंस."

त्यानं मान डोलावली.

"लई शानं हाय तुझ्यापेक्षा," ती म्हणाली. मग आवाज खाली आणून म्हणाली, "विचारतंय की ते. सांग. अजून अक्षता पडल्या न्हाईत."

दारात कुणी नव्हतं. बाहेरची वाजंत्रीसुद्धा जरा थांबली होती. नंदीशनं तोंड उघडलं. आयुष्यात पहिल्यांदाच वेळेवर उघडलं.

"टॉवेल बदलून देतो," तो म्हणाला. "सगळे. वरचा खर्च आमचा."

शिवानी हसायला लागली. हसत हसत काजळ उतरलं, गालावर आलं. तिनं त्याच टॉवेलनं डोळे पुसले, घडी घातली, काठ आत घेतला.

"ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "माल चांगला हाय तुमचा."

तिनं त्याला आजवर कधी अहोजाहो केलं नव्हतं.

अक्षता पडल्या. काकांनी नंदीशच्या हातात गठ्ठा दिला आणि वाट म्हणाले. तो वाटत गेला. खांद्यावर ठेवायचा टॉवेल, वर टोपी, आणि पाया पडायचा. कुणी उलगडून बघितलं नाही. आहेराचा टॉवेल उलगडत नाहीत, पुढच्या लग्नात तसाच देतात.

पंगतीत मंगळवेढ्याकडच्या एका म्हाताऱ्यानं मात्र हात धुऊन सरळ टॉवेल झटकला. काठावर बोट फिरवत अक्षर न् अक्षर वाचलं. मग समोर गव्हाची गोड हुग्गी वाढत असलेल्या पोराला विचारलं,

"हे नंदीश कोण म्हनायचं?"

"कारखान्यातलं एक पोरगं हाय, आजोबा."

"मग? सांगितलं का त्यानं?"

नंदीशनं पळी परत बादलीत ठेवली.

"न्हाय," तो म्हणाला. "न्हाय सांगितलं."

म्हाताऱ्यानं स्टेजवर बघितलं, पुन्हा टॉवेलकडं बघितलं.

"मग आता ऱ्हाऊ दे म्हनावं," म्हणाला, आणि वाटी पुढं केली.