खुणेच्या पेट्या

आमच्या गावच्या गायरानात आता तोफगोळ्यांचा कारखाना उभा आहे. तिथं मेंढ्या चरायच्या. गायरान सोडेल त्या प्रत्येक घरातल्या एकाला कायमची नोकरी, असा शब्द उकंडरावांनी दिला होता. उकंडराव आमचे पुढारी, आणि कारखान्याला मजूर पुरवणारे ठेकेदारही तेच. शब्द देताना ते पुढारी असतात, पाळायची वेळ आली की ठेकेदार होतात. आमच्या मेंढ्या बाजारात गेल्या आणि माझा नवरा प्रभू अजून ठेक्यावरच राबतोय. त्याच्या कायमपणाचा हुकूम हातात पडावा, याशिवाय मी देवाकडं दुसरं काही मागत नाही.

इथं गोळ्याचं नुसतं पोलादी कवच बनतं, दारू दुसरीकडं भरतात. प्रभू कवचं लाकडी पेट्यांत घालतो. दोन पाळ्यांच्या पेट्या एकत्र व्हायच्या आणि एकाच्या चुकीचं खापर दुसऱ्यावर फुटायचं. म्हणून प्रभूनं आपल्या पेट्यांवर गेरूनं खूण करायला सुरुवात केली. चंद्रकोर आणि तिच्याखाली दोन टिकल्या. माझे सासरे मसाजी, मी त्यांना मामा म्हणते, हीच खूण मेंढ्यांच्या पाठीवर करायचे. बघता बघता सगळेच मेंढ्यांवाले पेट्यांवर आपापल्या घराची खूण काढू लागले. सुपरवायझरचीही सोय झाली. शिव्या कुणाला घालायच्या, ते त्याला लांबूनच कळायला लागलं.

माल कुठं जातो, ते आम्हांला कुणी सांगत नव्हतं. तिकडं दूर युद्ध पेटलं होतं, पण आपण ना इकडचे ना तिकडचे, आपला एक गोळासुद्धा तिथं जात नाही, असं इस्तरीचे कपडे घातलेली माणसं टीव्हीवर सांगायची. ऐकून बरं वाटायचं. मग एक दिवस माझ्या मोबाईलवर त्या युद्धाचा व्हिडिओ आला. तोफेच्या मागं पेट्या पडलेल्या. पुढच्याच दृश्यात कोसळलेली घरं, आणि बाया हातांनी दगडमाती उपसून लेकरं बाहेर काढतायत. मामा शेजारीच बसले होते. ते म्हणाले, "मागं घे जरा. पेटीवर आपली खूण हाये."

ती आमचीच होती.

आमच्यात एक रीत आहे. आपल्या खुणेचं जनावर दुसऱ्याच्या पिकात शिरलं तर खूण नाकारायची नाही. मालकानं त्या घरी जाऊन तोंड दाखवायचं आणि पिकाचा धनी जे बोलेल ते ऐकून घ्यायचं. एकदा नरसीच्या बाजारात एका शेतकऱ्यानं मामांना चार लोकांत नाही नाही ते सुनावलं, तरी मामा मान खाली घालून उभे राहिले होते. त्यामुळं खुणेची कुणकुण लागून सेनगावचा यूट्यूबवाला हरिचंद दारात आला, तेव्हा त्यांनी काहीच लपवलं नाही.

"खूण आमची हाये," ते म्हणाले. "आमच्या खुणेच्या मालानं लोकाईची घरं पाडली. आता तेंच्या दारात जावं लागंल. कोन्त्या गाडीनं जावं, तेवढं सांगा."

झालं. गावात गाड्यांची रांग लागली. कंपनीनं सांगितलं की पेट्या आमच्या नाहीत. टीव्हीवाल्यांनी व्हिडिओच बनावट ठरवला. विरोधी पार्टीचे लोक आले, पण त्यांना हा कारखाना उकंडरावांच्या पाहुण्याला कसा मिळाला, एवढंच काढून घ्यायचं होतं. ढिगाऱ्याखालच्या लेकरांचं नाव कुणाच्या तोंडी आलं नाही. आलेल्या सगळ्यांनी चहा मात्र माझ्याच चुलीवरचा ढोसला.

शेवटी उकंडराव आले. बाजेवर बसून गोड आवाजात बोलले. मसाजीनं कॅमेऱ्यासमोर खूण नाकारायची. नाकारली तर प्रभूचा आणि बाकी घरांचाही हुकूम निघेल, नाहीतर सगळ्याच मेंढ्यांवाल्यांना गेट बंद. प्रभू तर बापापुढं तोंड उघडत नाही. मग मीच बोलले.

"मामा, मेंढ्या गेल्या, रान गेलं. आता लेकाच्या ताटात माती कालवता काय?"

बोलले ते बोलले. मला त्याची लाज नाही. घर मला चालवायचं असतं. मामांनी माझ्याकडं एकदा पाहिलं आणि कॅमेऱ्यासमोर म्हणाले, "खूण आमची न्हाई." आयुष्यात पहिल्यांदा ते असं बोलले, आणि ते माझ्यामुळं.

हुकूम वाटायला उकंडरावांनी कारखान्याच्या गेटवर मांडव घातला. घरोघरच्या म्हाताऱ्यांना फेटे बांधायचे होते. मामा सकाळी बोडक्या डोक्यानंच निघाले. मला वाटलं, नवा फेटा मिळणार म्हणून पटका घरी ठेवला असेल. प्रभूचं नाव पुकारलं तशी मी पदर सावरून पुढं सरकले. उकंडरावांच्या एका हातात माईक, खिशात हुकुमाचं पाकीट. मामांच्या डोक्यावर तयार फेटा चढवायला त्यांनी दुसरा हात वर नेला, आणि मामांनी तो मनगटाला धरला.

"ऱ्हाऊ द्या. दुखवटा सरला न्हाई अजून."

आमच्याकडं घरचं माणूस गेलं की डोईला काही बांधत नाहीत. दुखवटा सरल्यावर सोयरे येऊन नवा पटका बांधतात. हे उकंडरावांनाही ठाऊक आहे. तरी हसण्यावारी न्यायला त्यांनी माईकवरच विचारलं, "कोन गेलं हो तुमचं?"

"ते तुमालाच ठाऊक. माल कुठं धाडून राहिले, तेवढं सांगा. मी जाऊन नावं इचारून येतो."

ते सगळ्या मांडवाला ऐकू गेलं. हरिचंदचा मोबाईल चालूच होता. म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय, असं म्हणत उकंडराव हसले, आणि हात सोडवून पाकिटाकडं नेला, तो रिकामाच खिशाबाहेर काढला. प्रभूचं पुढच्या खेपेला बघू म्हणाले. मला मामांचा असा राग आला की तिथंच ओरडावंसं वाटलं. पण मला रडू आलं, आणि ते प्रभूच्या नोकरीसाठी नव्हतं.

मामा एकटेच चालत घरी गेले. प्रभूची दुसरी पाळी होती. माल न्यायला ट्रक येऊन थांबला होता, म्हणून तो मांडवातूनच आत पेट्या भरायला गेला.