तो बघून घेईल

सासूबाई आणि मी एका घरात राहून, एका टेबलावर काम करून, नऊ आठवडे एकमेकींशी एक शब्द बोललो नाही. जे काय असेल ते ठकूमार्फत. ठकू नऊ महिन्यांची. तिला अजून स्वतःचं काही सांगता येत नव्हतं, पण घरातला सगळा पत्रव्यवहार तिच्या नावे चालायचा.

“ठकूबाई, तुमच्या आईला म्हणावं, दूध उतू चाललंय.”

“ठकू, आजीला सांग, दिसतंय मला. डोळे आहेत.”

“आहेत होय, ठकूबाई? बरं झालं बाई कळलं.”

ठकू एकदा हिच्याकडे, एकदा तिच्याकडे बघून दोन दात दाखवायची. त्या दोन दातांपुढे आम्ही दोघीही विरघळायचो, पण वेगवेगळ्या भिंतींकडे तोंड करून.

आम्ही तिघंही पुस्तकबांधणीच्या कारखान्यात. सासूबाई छापील कागदांना घड्या घालतात, मी त्या घड्या दोऱ्याने शिवते, आणि नवरा कटिंग मशीनवर पुस्तकांच्या कडा कापायचा. गठ्ठा टेबलावर ठोकून सारखा करायचा, पात्याखाली सरकवायचा, वरचं दाबाचं लोखंडी चाक दोन्ही हातांनी करकचून फिरवायचं आणि मग दांडा ओढायचा. दाब जरा सैल राहिला की गठ्ठा सरकतो आणि पुस्तक तिरकं कापलं जातं. तिरकं गेलेलं पुस्तक सरळ करायला जावं तर ते नुसतं लहान होत जातं. बारा वर्षांत नवऱ्याची पुस्तकं तिरकी गेली नव्हती. इतर कशात त्याचा फारसा दिमाख नव्हता, एवढ्यात होता.

मग एक दिवस कागदाची थप्पी कलंडली आणि त्याचा उजवा हात थप्पी आणि चाक यांच्यामध्ये सापडला. मनगट मोडलं, दोन बोटांची ताकद गेली. डॉक्टर म्हणाले, हाड जुळेल. पकड येईल की नाही ते आत्ता सांगता येणार नाही.

दवाखान्याच्या बाकावर मी ठकूला पाजत बसले होते. शेजारी सासूबाई ओठ हलवत होत्या. त्यांचे ते हलणारे ओठ मला लग्न झाल्यापासून माहीत. भाजी स्वस्त मिळाली की देवाची कृपा, महाग मिळाली की देवाची परीक्षा. त्या दिवशी मला ते बघवेना.

“कुठे होता तुमचा देव?” मी म्हणाले. “एवढी मोठी थप्पी, त्याला दिसली नाही?”

ओठ थांबले. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग माझ्या पदराखालच्या ठकूकडे, आणि म्हणाल्या, “तो बघून घेईल.”

आमच्या गल्लीत पाण्यावरून भांडणं होतात तेव्हा बायका बादल्या आपटत हेच म्हणतात, बघून घेईन तुला. माझं लेकरू अंगावर पीत होतं आणि ह्या बाईने कुत्रा सोडावा तसा आमच्यावर देव सोडला. मी ठकूचं डोकं पदराने झाकून घेतलं. तिथून पुढे बोलणं बंद.

प्लास्टर निघाल्यावर दुसरं सुरू झालं. रोज कामावरून आलं की सासूबाई मोरीत एक ओला हातरुमाल नवऱ्याच्या हातात द्यायच्या, दुसरं टोक स्वतः धरायच्या.

“पीळ.”

“आई, दुखतंय.”

“दुखणारच. हात तुझाच आहे. पीळ.”

रुमालाचा नॅपकिन झाला, नॅपकिनचा टॉवेल. तो घामाघूम व्हायचा, कधी दात-ओठ खाऊन ओरडायचा, आणि ही बाई टोक सोडायची नाही. मी ठकूला कडेवर घेऊन दारात उभी राहायचे.

“ठकू, आजीला विचार, मारूनच टाकायचंय का एकदाचं?”

“ठकूबाई, म्हणावं, रडायचं असेल तर बाहेर जाऊन रड. इथे पाणी कमी नाही.”

कारखान्यात तर आमच्या अबोल्यावर हसणं चालायचंच. ठकू आमच्या टेबलाखाली खोक्यात झोपायची, खाली मऊ कातरण आणि वर माझी जुनी ओढणी. पुठ्ठे कापणारी मावशी येता-जाता खोक्यात डोकावायची. “काय पोस्टमास्तर, आज कुणाकडून कुणाला?”

त्या शुक्रवारी मालक आमच्या टेबलापाशी आले. “मशीन किती दिवस रिकामं ठेवू? सोमवारी त्याला म्हणावं दोन गठ्ठे कापून दाखव. एकट्याने, कुणी हात लावायचा नाही. जमलं तर मशीन त्याचं. नाहीतर माणूस बघून ठेवलाय मी.”

मालक वळले तशा सासूबाई घडीवर नख ओढत पुटपुटल्या. काय ते मला ऐकायची गरज नव्हती. तीनच शब्द असणार.

रविवारी दुपारी नवरा ठकूला पोटावर घेऊन झोपला होता. मी भांडी घासायला गेले तर मोरीचं दार लोटलेलं, आत नळ सुरू, आणि सासूबाई कुणाशी तरी कडाकडा भांडत होत्या. मला वाटलं, शेजारीण. पण पलीकडून उत्तर येत नव्हतं.

“…किती दिवस झाले? मोज. तुला वेळ लागत असेल, मला मान्य आहे, तुझ्यामागे व्याप मोठा. पण तारीख तर पाळशील? सोमवार म्हटलंय त्यांनी.” कपडा दगडावर आपटल्याचा आवाज. “ह्याचे वडील गेले तेव्हाही तू असाच उशिरा आलास. आलास, नाही म्हणत नाही मी. घर उभं केलंस. पण तोवर माझा जीव टांगणीला. माणसाने किती वेळा जीव टांगायचा?” परत आपटला. “आणि मी आपली सगळ्यांना सांगत सुटलेय, तो बघून घेईल, तो बघून घेईल. सुनेलाही दवाखान्यात म्हटलं. बिचारी पांढरीफटक पडली होती, पोर छातीशी. तिला आधी ‘घाबरू नकोस’ म्हणायचं राहूनच गेलं माझ्या तोंडून. तेव्हापासून धुसफुसतेय. धुसफुसू दे. पण आता माझं तोंड राख. नाही राखलंस ना, तर मी बघून घेईन तुला. सांगून ठेवते.”

नळ बंद झाला. मी घाणेरडी कढई घेऊन तशीच मागे फिरले आणि ओट्याशी उगाच डबे इकडचे तिकडे करत बसले. नऊ आठवडे मी त्या एका वाक्यावर राग जोपासला होता, पाणी घालून घालून. आणि त्यात नसलेले दोन शब्द ती बाई मोरीत देवाला ऐकवत होती. तरी मी आत जाऊन काही बोलले नाही. राग वाढवायला नऊ आठवडे लागतात, उपटायलाही काही वेळ लागतोच.

सोमवारी सगळे मशीनभोवती जमले. मालकांनी दोन गठ्ठे पुढे केले. मी ठकूला घट्ट धरलं, इतकं की ती कुरकुरली.

पहिला गठ्ठा त्याने ठोकला, सरकवला, चाकाला हात घातला. मला त्याच्या मनगटात टॉवेल दिसला. चाक फिरलं, सगळ्यात घट्ट जातो तो शेवटचा आटाही फिरला. दांडा आला. मालकांनी मोजपट्टी लावली आणि गठ्ठा बाजूला सारला, म्हणजे सरळ होता.

दुसऱ्या गठ्ठ्याच्या वेळी त्याची दोन बोटं चाकावरून निसटत होती. त्याने श्वास धरून चाक फिरवलं, पण शेवटचा आटा राहिला. त्यालाही कळलं, मलाही कळलं. दांडा ओढला. मालकांनी पट्टी लावली.

“काडीभर तिरका,” ते म्हणाले.

नवरा खाली बघत राहिला. बारा वर्षांत पहिल्यांदा त्याने आपलं कापलेलं पुस्तक हातात घेतलं नाही.

“एक सरळ, एक तिरका,” मालक मान हलवत म्हणाले. “सध्या खळीच्या टेबलावर बस. चिकटवायचं काम कर. पुढचं मग बघू.”

“मग म्हणजे कधी?”

सासूबाई. कमरेवर हात.

“अहो बाई, मग म्हणजे मग.”

“तसं नाही चालत. मी त्यालाही तारीख मागते,” त्यांनी छताकडे बोट केलं, “तर तुम्ही कोण? एक गठ्ठा सरळ आलाय की नाही? मग दिवस सांगा. त्या दिवशी परत दोन कापेल. तोवर तुमचा माणूस ठेवा मशीनवर, पण कच्चा ठेवा, कायमचा नको.”

पुठ्ठेवाली मावशी तोंडात पदर घालून हसली. मालक भिंतीवरच्या कॅलेंडरकडे गेले आणि पेन काढलं. सहा आठवड्यांनंतरच्या सोमवारभोवती गोल काढून म्हणाले, “हा शेवटचा. तेव्हा तिरकं गेलं तर माझ्याशी वाद नाही.”

“तेव्हाचं तेव्हा,” सासूबाई म्हणाल्या आणि घड्या घालायला बसल्या.

घरी आल्यावर नवरा भिंतीकडे तोंड करून पडला. सासूबाईंनी मोरीत चादर भिजत घातली. टॉवेल नाही, चादर.

“ऊठ.”

“आई, आज नको.”

“आजच. राहिला होता ना शेवटचा आटा?”

तो उठला. सासूबाईंनी टोक उचललं आणि हातातून निसटलं. परत उचललं. ओल्या चादरीचं वजन त्यांच्या खांद्यांना पेलत नव्हतं. त्यांनी ठकूकडे बघितलं, तोंड उघडलं, मग ठकूला सोडून सरळ माझ्याकडे बघितलं.

“तू धर इकडून. माझ्यात जोर नाही.”

मी ठकूला पाटावर बसवून टोक धरलं. चादर थंड होती आणि जड. पलीकडे नवऱ्याची बोटं वळत होती, पुरती वळत नव्हती.

“आई,” मी म्हणाले, “सहा आठवड्यांनी पण नाही जमलं तर?”

“तर तो—” म्हणून त्या थांबल्या. पदराला हात पुसले.

“आधी घाबरू नकोस,” त्या म्हणाल्या. “आणि टोक नीट धर, ढिलं सोडतेयस.”