सोनेरी काठाचे तीन कप

माझी लेक धम्मशीला केंब्रिजला फुटक्या मडक्यांचा अभ्यास करते. आपल्याकडच्या नव्हे, पार मेक्सिकोतल्या अ‍ॅझ्टेक लोकांच्या. पाचशे वर्षांपूर्वी कुणाच्या घरात कसले वाडगे होते, त्यावरून कोण सरदार आणि कोण साधा माणूस ते ओळखायचं. मी तिला म्हटलं, "बाई, भांड्यावरून माणसाची पायरी ओळखायला आपल्या गावात पीएचडी लागत नव्हती." ती हसली नाही. मँचेस्टरमध्ये जन्मलेल्या मुलांना आपले टोमणे उशिरा पोचतात.

तर या पोरीचं यशोधनवर मन बसलं. मुलगा गुणी, आयटीत नोकरी, पण घर मूळच्या पुण्याच्या ब्राह्मणांचं. माझी आणि माझ्या नवऱ्याची ना नव्हती. प्रश्न होता दादासाहेबांचा. दादासाहेब म्हणजे माझे सासरे. चळवळीत उभा जन्म गेलेला माणूस. धम्मशीलेनं जाहीर केलं होतं, आजोबा नाही म्हणाले तर लग्न नाही. ती बोलते ते करते, हीच तर पंचाईत.

"आधी घर बघू," दादासाहेब म्हणाले.

म्हणून एका रविवारी दादासाहेब, धम्मशीला आणि मी असे आम्ही तिघं लंडनजवळच्या ब्रॅकनेलला त्या लोकांच्या घरी गेलो; नवऱ्याला कामावरून सुट्टी मिळाली नाही. दार यशोधनच्या वडिलांनी, श्रीकांतरावांनी उघडलं आणि इतक्या जोरात "जय भीम!" म्हणाले, की शेजारचा कुत्रा भुंकायला लागला. दादासाहेब खूश. मीही जरा सैलावले.

मग यशोधनची आई मंजिरीताई चहा घेऊन आल्या आणि माझं डोकं सटकलं. आम्हा तिघांपुढे सोनेरी काठाच्या नाजूक कपबशा आणि त्यांच्या तिघांच्या हातात मोठे मग. एकावर ऑफिसचं नाव, एकाचा टवका उडालेला. कप आमचे चांगले होते, मान्य. पण वेगळे होते!

दादासाहेबांच्या लहानपणी गावच्या हॉटेलाबाहेर आमच्या लोकांसाठी वेगळा कप खिळ्याला टांगलेला असे. चहा प्यायचा, कप आपणच धुवायचा, परत टांगायचा. आमच्या घरातल्या शेंबड्या पोरालाही ही गोष्ट पाठ आहे. मी धम्मशीलेकडे पाहिलं. तिचा चेहरा पांढराफटक.

दादासाहेबांनी शांतपणे चहा संपवला. कपबशी उचलली, उठले, स्वयंपाकघरात गेले आणि सिंकपाशी उभं राहून कप विसळायला लागले.

"अहो दादासाहेब, राहू द्या ना!" मंजिरीताई मागे धावल्या. आम्हीही सगळे त्यांच्यामागे.

"वेगळ्या कपात पिणाऱ्यानं आपला कप आपण धुवायचा," दादासाहेब म्हणाले. "सवय आहे मला."

यशोधन बिचारा, "व्हॉट्स हॅपनिंग? काय झाला?" करत सगळ्यांची तोंडं बघत होता. मंजिरीताईंना मात्र कळलं. त्या मटकन स्टुलावर बसल्या.

"देवा रे! अहो, माझ्या लग्नातला सेट आहे तो. सहा होते. घर बदलताना तीन फुटले. उरलेले तीन पाहुण्यांना दिले. मला हे सुचलंच नाही हो!"

"सुचलं नाही, कारण सुचायची वेळ कधी आली नाही तुमच्यावर," मी म्हणाले. बोलून टाकलं आणि बरं वाटलं. त्यांनीही मान हलवली, वाद घातला नाही.

तेवढ्यात माझी लेक मध्ये पडली. "आजोबा, हेच तर माझा थीसिस आहे! आधी सगळे म्हणायचे, रंगवलेला वाडगी म्हणजे नोबल लोक. पण गरिबांच्या किचनमधे पण रंगवलेले तुकडे निघाला. बाजारातून आणायचे, पाहुणे आले की काढायचे. म्हणजे नुसता पॉट बघून काहीच नाही कळत. कोण कोणाबरोबर जेवतो, ते बघायला पाहिजे. आणि ते खापर नाही सांगत, आजोबा!"

"खापर नाही सांगत ना? मग माणसांनाच विचारू," दादासाहेब म्हणाले. हात पुसत ते मंजिरीताईंकडे वळले. "आमची मुलगी या घरात आली, तर चहा कशातून पिणार?"

लेकीचं सगळं आयुष्य त्या एका उत्तरावर येऊन अडलं होतं आणि मंजिरीताई काही गोड गोड बोलल्या असत्या, तर दादासाहेब तिथूनच चपला घालून निघाले असते.

पण मंजिरीताई एकदम तडकल्याच. "कशातून म्हणजे? माझ्या मगातून! दर शनिवारी येते आणि न विचारता माझाच मग उचलते. अर्धा पिते आणि कुठंतरी ठेवून विसरते. मी घरभर शोधत फिरते. कितीदा ओरडले तिला! आज पाहुणी म्हणून कपात दिला, तेव्हा कुठे माझा मग माझ्या हाताला लागला."

शनिवारी लायब्ररी असते, असं ही कार्टी मला वर्षभर सांगत होती. मी तिच्याकडे डोळे वटारले. ती छताकडे बघू लागली.

"ओरडता तिला?" दादासाहेबांनी विचारलं.

"मग काय आरती ओवाळू?"

"आणि ही?"

"ही उलट बोलते!"

दादासाहेब हसायला लागले. हसता हसता त्यांना ठसका लागला, श्रीकांतराव पाणी घेऊन धावले, यशोधन पाठ थोपटू लागला. मला मेलीला रडूच आलं. सोफ्याच्या कडेला अंग चोरून बसलेली माणसं आता त्या टीचभर स्वयंपाकघरात एकमेकांच्या पायांवर पाय देत उभी होती.

ठसका थांबल्यावर दादासाहेबांनी डोळे पुसले. "श्रीकांतराव, कॅलेंडर आणा. पण मुहूर्त-बिहूर्त नाही हं काढायचा. सुट्टीचा वार बघा."