तोडलेल्या नर पपईची कैफियत

मित्रांनो, मी एका नर पपईचा जुना, पोकळ खुंट आहे. बोरगाव मेघे येथील वासुदेवराव कारकुनांच्या परसात माझा जन्म झाला. माझ्या सोबतच्या चार झाडांच्या एकेका फुलात नर व मादी दोन्ही नांदत. ती कोणावाचूनही फळत. मला मात्र केवळ लोंबते तुरे येत.

वासुदेवरावांचा धाकटा भाऊ रूपराव बिनलग्नाचा आणि बिननोकरीचा होता. विहिरीचे पाणी तोच आम्हांस घाली.

"फुलं पाहा अन् फळाचा पत्ता नाई!" वासुदेवरावांच्या पत्नी आनंदाबाई त्याला हसून म्हणाल्या. "तुमचाच जोडीदार दिसते, भाऊजी. तोडा त्याले."

"राहू द्या ना, वहिनी. काऊन तोडता?"

"त्या चौघायले याची गरज काय हाये? आपलं आपण फळून राह्यले. फुकट पाणी पिणारे घरात कमी हायेत काय?"

रूपरावाने तीन घाव घातले. चौथ्यापूर्वी त्याने माझ्या बुंध्यावर क्षणभर तळहात ठेवला. आठवड्याने तो हिंगणघाटच्या कापसाच्या जिनात हमालीला गेला. त्याला कोणी थांबविले नाही.

पुढे त्या चौघांच्याच बियांपासून नवी झाडे झाली. फळे गोड, साऱ्या गावात वाहवा! परंतु सत्तावन्न साली पाने चुरगळण्याचा रोग आला. बाहेरचा पराग नाही, म्हणून सारी झाडे एकाच वळणाची. एक वाकले तशी सगळी वाकली.

शेजारच्या सुलोचनाबाईंचे एकच झाड ताठ उभे राहिले. आनंदाबाई कुंपणापाशी बी मागावयास गेल्या.

"तुमच्याच फळाचं बी हाये, बाई," सुलोचनाबाई म्हणाल्या. "तुमच्या परसात तो नर होता ना, त्या सालचं. त्याचीच अवलाद. बी नेजा, पण नर निघाला त तोडू नोका."

मित्रांनो, बाप असल्याचे मला खुंट झाल्यावर कळले.

यंदा त्या बियांतून दोन नर निघाले. वासुदेवरावांनी कुऱ्हाड उचलली, तो आनंदाबाई आडव्या आल्या. "असू द्या. कामाचे हायेत ते."

त्या दोघांना आता त्या स्वतः पाणी घालतात. बादली जड आहे. वाटेत दोनदा खाली ठेवावी लागते. ज्याचे फळ दिसत नाही त्यासही जपावे, हे आनंदाबाई झाडांपुरते शिकल्या. हिंगणघाटास मात्र अजून एक पत्रही गेलेले नाही.