थंडोबाची चकती

"अठ्ठ्याऐंशी... ऐंशी... एकाहत्तर... एकोणसाठ!"

रविवारी सकाळी कॉम्प्युटरच्या दुकानात चाळीसेक माणसं एका सुरात आकडे म्हणत होती. पडद्यावर ग्राफिक्स कार्डाचं, म्हणजे खेळाची चित्रं काढणाऱ्या भागाचं, तापमान भराभर उतरत होतं. कार्डांची आग विझवतो म्हणून दुकानदाराला सगळे थंडोबा म्हणायचे.

"कार्डाला ताप आलाय, ताप!" थंडोबा तळहाताएवढी चकती उंचावून सांगत होता. "आपण कपाळावर पट्टी ठेवतो ना, तशी ही चकती. हिच्यात लहरी आहेत. लहरी दिसत नाहीत, आकडा दिसतो!"

आम्ही नातीला घेऊन गेलो होतो, आणि सगळ्यांत जोरात टाळ्या माझ्या मुलाच्या. तो इंजिनिअर. मी चौतीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं, आणि घरातच वर्ग नापास!

"बाबा, डोळ्यांनी बघितलंत ना?"

"बघितलं. चकतीत काय आहे, ते विचार की."

"तुमचं आपलं प्रत्येक गोष्टीत काहीतरी असतंच!"

चकती घरी आली आणि नातीच्या कॉम्प्युटरच्या जाळीवर चिकटली. नातीचा जीव त्या मशीनवर टांगलेला. कॉम्प्युटरवरच्या खेळाच्या ऐन सामन्यात ते दोनदा बंद पडलं होतं, आणि संघाच्या कप्तान मुलीनं बजावलं होतं, "शनिवारी पुन्हा पडलं, तर तुझ्या जागी दुसरी."

संध्याकाळी ती सरावाला बसली. नवव्या मिनिटाला पडदा काळा.

"उलटी लागली असेल," म्हणत मुलानं चकती फिरवली. सातव्या मिनिटाला काळा.

"मनात शंका ठेवली की लहरी काम करत नाहीत," तो माझ्याकडे बघून म्हणाला. मी कपाळावर हात मारून घेतला.

नातीच्या डोळ्यांत पाणी. मी शेजारी बसलो. "रडून घे. मग सांग, दुकानात तू काय ऐकलंस?"

"ऐकलं? आपण तर बघत होतो."

"बघायला त्यानंच लावलं. ऐकलेलं सांग."

तिनं डोळे मिटले. "आकडे... टाळ्या... आणि पंखा! आजोबा, चकती लागायच्या आधीच पंख्याची घरघर कमी झाली होती."

"त्याआधी त्यानं काय केलं?"

"आकडा दाखवायला खेळातून बाहेर आले..." ती ताडकन उठली. "खेळच थांबवला होता!"

एवढीच ती जादू. खेळ चालू असताना कार्ड सेकंदाला कित्येक चित्रं काढतं, म्हणून तापतं. खेळ थांबला की काम थांबतं. धावणारा थांबला की त्याचा दम जसा खाली बसतो, तसा आकडा आपोआप उतरतो. थंडोबा तेवढा वेळ भाषण करायचा.

आम्ही चकती काढली आणि खेळातून नुसतं बाहेर पडलो. मिनिटभरात शहाऐंशीचे एकसष्ट! मग नातीनं आकडा खेळाच्याच पडद्यावर, कोपऱ्यात दिसेल असा लावला. चकतीशिवाय चौऱ्याऐंशी. चकती लावून पंच्याण्णव, आणि पडदा काळा. हवा आत जाते ती जाळीच चकतीनं झाकली होती. वायर काढून मशीन उघडलं, तर आत धुळीची गोधडी. ब्रशनं झाडली. मग खेळता खेळता त्र्याहत्तर.

दुसऱ्या दिवशी नात थंडोबाच्या दुकानात पुढे उभी, मागे मी आणि मुलगा. "काका, आकडा कोपऱ्यात ठेवा आणि खेळत राहा ना."

"बाळ, मोठ्यांच्या मध्ये बोलू नये."

"अहो, खेळू द्या की तिला!" मागून कुणीतरी ओरडलं.

ती खेळत राहिली. चकती जागेवर, लहरी चालू, आणि आकडा? सत्त्याऐंशी, अठ्ठ्याऐंशी, एकोणनव्वद. तेवढ्यात एक गृहस्थ म्हणाले, "हे मशीनच खराब असेल," आणि त्यांनी दोन चकत्या मागितल्या! मला ओरडावंसं वाटलं. मुलगा मात्र खाली मान घालून म्हणाला, "बाबा, चला घरी."

शनिवारी नातीचा संघ हरला. पण मशीन शेवटपर्यंत चालू होतं, आणि कप्तान म्हणाली, "पुढच्या वेळी तूच पुढे राहा."

मुलांनो, कुणी चमत्कार दाखवला तर भांडू नका. त्याच्या हातातल्या वस्तूकडे बघणं सोडा आणि विचारा, "त्याच वेळी आणखी काय बदललं?" मग ती वस्तू बाजूला ठेवून सगळं पुन्हा करून बघा. मोठी माणसं चिडतील. चिडू द्या. तुम्ही करून बघा.