हिरवं बाळ

पो नदीचं धुकं खिडकीतून येऊन येशूजन्माच्या चित्रावर रेंगाळत होतं. दरबारी चित्रकार उगोलिनो करवादला, "राणीसाहेब, अर्धवट चित्र बघू नये, शिजत्या भांड्याचं झाकण उघडू नये. कितीदा सांगू?"

राणी लुक्रिनाचं लक्षच नव्हतं. चित्रातल्या गोठ्यात पेंढ्यावर बाळ हिरवट, निपचित पडलं होतं.

"माझा मुलगाही असाच जन्मला," ती म्हणाली. "याच रंगाचा. रडलाच नाही."

उगोलिनोचा आवाज एकदम उतरला. "अहो, अंगाच्या रंगाखाली आम्ही आधी हिरवाच थर देतो. गुलाबी त्यावर चढतो. बघा."

त्यानं कुंचल्यानं बाळाच्या गालावर पहिली लाली टेकवली.

राणी कानात प्राण आणून उभी राहिली. आता तरी रडेल.